मनोऱ्याचा हक्क : हिंदुस्थानातली तीन स्कॉटिश चर्चं

कोलकात्यात रायटर्स बिल्डिंगच्या शेजारी, मुंबईत फोर्टातल्या लायन गेटसमोर आणि चेन्नईत एग्मोर स्टेशनजवळ अशी तीन चर्चं उभी आहेत. तिन्ही सेंट अँड्र्यूच्या नावाची. कोलकात्याचं १८१८ मध्ये उघडलं, मुंबईचं त्याच्या आगेमागे, चेन्नईचं १८२१ मध्ये. पेशवाई बुडाली, त्याच सुमाराला ईस्ट इंडिया कंपनीच्या तिन्ही राजधान्यांत स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन पंथाची ही देवळं बांधली जात होती. समोर ग्रीक-रोमन वळणाचे उंच खांब, वर त्रिकोणी माथा आणि त्यातून निघालेला निमुळता मनोरा, असा त्यांचा साधारण चेहरा.

गोंधळात टाकतो तो हा चेहराच. प्रेस्बिटेरियन म्हणजे ख्रिस्ती धर्मातला कर्मठ साधेपणाचा पंथ. मूर्ती नको, चित्रं नकोत, वेदी नको, वाद्यं नकोत, बिशप तर मुळीच नको. अशा लोकांनी परमुलखात कंपनीच्या पैशानं दीडशे फुटांहून उंच मनोरे का उभारावेत? वसाहतकालीन वास्तुकलेवरच्या पुस्तकांत याचं उत्तर सहसा एका वाक्यात उरकलेलं असतं : लंडनच्या एका प्रसिद्ध चर्चची नक्कल. उत्तर चूक नाही, पण अपुरं आहे. या इमारती समजून घ्यायच्या तर आधी स्कॉटलंडातला धर्माचा झगडा पाहावा लागतो, मग १८१३ चा सनदी कायदा, मग दोन धर्मगुरूंचं कोलकात्यातलं भांडण. खांबांकडे त्यानंतर वळू.

स्कॉटलंडनं १५६० मध्ये पोपची सत्ता झुगारली. जॉन नॉक्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जी व्यवस्था आणली, तिच्यात धर्मगुरूंची उतरंड नव्हती. प्रत्येक मंडळीचा कारभार पाळक आणि निवडलेले वडील यांनी मिळून पाहायचा. या वडिलांनाच ग्रीकमध्ये ‘प्रेस्बिटेरोस’ म्हणतात. त्यांच्या वर प्रांताच्या सभा आणि सगळ्यांच्या वर जनरल असेंब्ली. राजालाही या रचनेत विशेष जागा नाही, आणि म्हणूनच राजांना ती कधी आवडली नाही. पहिल्या चार्ल्सनं १६३७ मध्ये एडिनबराच्या सेंट जाइल्समध्ये इंग्लिश पद्धतीचं प्रार्थनापुस्तक वाचायला लावलं, तेव्हा तिथं दंगल झाली. जेनी गेडिस नावाच्या बाईनं बसायचं स्टूल उचलून पाद्र्याच्या दिशेनं भिरकावलं, अशी आख्यायिका आहे. पुढे युद्धं झाली, रक्त सांडलं. अखेर १६९० मध्ये प्रेस्बिटेरियन पद्धत कायम झाली आणि १७०७ मध्ये इंग्लंड व स्कॉटलंड एक झाले तेव्हा तिला कायद्याचं अभय मिळालं. परिणामी एकाच राज्यात दोन सरकारमान्य चर्चं नांदू लागली : इंग्लंडात बिशपवालं, स्कॉटलंडात वडीलधाऱ्यांचं.

इमारतींवर याचा परिणाम झालाच. जुन्या कॅथलिक चर्चमध्ये नजर लांबट दालनातून सरळ वेदीकडे जाते, कारण महत्त्वाचं ते तिथं घडतं. नव्या पंथात महत्त्वाचं ते व्यासपीठावर, म्हणजे बायबलचं वाचन आणि प्रवचन. लोकांनी पाहायचं कमी आणि ऐकायचं जास्त. तेव्हा सेंट जाइल्ससारख्या प्रचंड चर्चचं करायचं काय? स्कॉटिश लोकांनी आत भिंती घालून त्यातून निरनिराळ्या मंडळ्यांसाठी वेगवेगळ्या जागा काढल्या. सौंदर्यदृष्टीला हा प्रकार झोंबेल, पण हिशेब पक्का होता : पाळकाचा आवाज जिथपर्यंत पोचतो तेवढंच चर्च. फाइफमधल्या बर्न्टआयलंडला १५९० च्या दशकात नवं चर्च बांधलं ते थेट चौकोनी. खेड्यापाड्यांत इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराची चर्चं रूढ झाली. लांब भिंतीच्या मध्यावर व्यासपीठ आणि तिन्ही अंगांना माणसं. प्रभुभोजनासाठी लांबलचक मेजं मांडायची आणि त्याभोवती पंगतीसारखं बसायचं. गाणं फक्त स्तोत्रसंहितेतलं, तेही वाद्याविना. एकानं ओळ सांगायची, इतरांनी ती उचलायची. स्कॉटलंडच्या चर्चमध्ये ऑर्गन शिरला तो १८६० च्या दशकात, आणि त्यावरूनही रण माजलं.

अठराव्या शतकात एडिनबराचं नवं शहर आखलं गेलं, पैसा आला, रुची बदलली. जॉर्ज स्ट्रीटवर १७८४ मध्ये सेंट अँड्र्यूज चर्च उघडलं. ते आतून लंबवर्तुळाकार आहे. आराखडा मेजर अँड्र्यू फ्रेझर या लष्करी इंजिनिअरचा. दर्शनी भागात खांब, वर मनोरा आणि आत मात्र सगळ्यांना व्यासपीठ दिसेल, आवाज ऐकू येईल अशी अंडाकृती सभा. बाहेर शहराला साजेसा डौल आणि आत पंथाची शिस्त, अशी ही तडजोड. हिंदुस्थानात आलेल्या स्कॉटिश माणसांच्या मनात चर्चचं चित्र होतं ते हे, डोंगराळ खेड्यातल्या ओबडधोबड दगडी खोलीचं नव्हे.

आता १८१३. महाराष्ट्रात या सालचा सनदी कायदा आठवतो तो शिक्षणावर वर्षाला एक लाख रुपये खर्च करण्याच्या कलमासाठी, आणि मिशनऱ्यांना दार उघडलं म्हणून. त्याच कायद्यानं कोलकात्याला इंग्लंडच्या चर्चचा एक बिशप आणि तिन्ही इलाख्यांत एकेक आर्चडीकन नेमायची तरतूद केली. स्कॉटलंडमध्ये याची लगेच दखल घेतली गेली. कंपनीच्या नोकरीत स्कॉटिश माणसं थोडीथोडकी नव्हती. हेन्री डंडासनं कंपनीवरच्या नियंत्रण मंडळाचा अध्यक्ष असताना आपल्या देशबांधवांसाठी वाट रुंद केली होती. पेशवाईच्या अखेरच्या अंकातली नावं काढली तर एल्फिन्स्टन, माल्कम, मन्रो हे तिघंही स्कॉटिश. राज्य मिळवून द्यायला आम्ही, आणि पगारी धर्मगुरू मात्र फक्त इंग्लंडच्या चर्चचा? तगादा लागला आणि कंपनीनं प्रत्येक राजधानीत एक स्कॉटिश चॅपलेन आणि त्याच्यासाठी चर्च द्यायचं कबूल केलं.

कोलकात्यासाठी नेमलेले डॉ. जेम्स ब्राइस आणि पहिले बिशप टॉमस मिडल्टन हे एकाच जहाजातून आले. १८१४ च्या नोव्हेंबरमध्ये दोघंही कोलकात्याला उतरले. महिनोन् महिने एकाच डेकवर काढल्यावर माणसं एक तर जन्माचे मित्र होतात किंवा वैरी. इथं दुसरं झालं.

ब्राइसना जागा मोक्याची मिळाली. जुनं कोर्टहाउस जिथं होतं, महाराजा नंदकुमारवर १७७५ मध्ये खटला जिथं चालला, ती ही जागा. पायाचा दगड बसला ३० नोव्हेंबर १८१५ ला. हा सेंट अँड्र्यूचा दिवस, आणि अँड्र्यू हा स्कॉटलंडचा राष्ट्रीय संत. संतांचे सणवार निषिद्ध मानणाऱ्या पंथानं संताचा दिवस बघून मुहूर्त धरावा, यात किती धर्म होता आणि किती राष्ट्राभिमान, हे वेगळं सांगायला नको. स्कॉटलंडमध्ये त्यांचं चर्च म्हणजे राष्ट्र होतं. परमुलखात ते आणखीच राष्ट्र झालं.

मिडल्टननी मनोऱ्याला हरकत घेतली. वरवर पाहता ती क्षुल्लक वाटते, पण तिच्यामागचा युक्तिवाद कायद्याचा होता. इंग्लंडात बाप्टिस्ट किंवा क्वेकर यांच्यासारख्या सरकारी चर्चबाहेरच्या पंथांच्या प्रार्थनाघरांना मनोरे नसत. मनोरा ही सरकारमान्य चर्चची खूण. आणि स्कॉटलंडचं चर्च सरकारमान्य असेल ते स्कॉटलंडात. हिंदुस्थानात तेही इतरांसारखं, बाजूचा एक पंथच. मग त्याला मनोरा कशाला? ब्राइसचं उत्तर उलट होतं. हिंदुस्थान ही इंग्लंडची नव्हे, दोन्ही देशांच्या संयुक्त राज्याची मिळकत आहे, तेव्हा दोन्ही चर्चं इथं सारख्याच पायरीवर. प्रकरण सरकारकडे गेलं. मनोरा मंजूर झाला.

गोष्ट अशी सांगतात की, ब्राइसनी मनोऱ्याच्या टोकावर कोंबडा बसवायची शपथ घेतली. बिशपच्या डोक्यावर तो आरवत राहावा म्हणून. वारा दाखवणारा धातूचा कोंबडा युरोपातल्या चर्चवर असतोच, पण कोलकात्याचा हा कोंबडा नुसता वारा दाखवायला नव्हता. गोष्टीची पुढची शेपटी आणखी मजेची आहे. बिशपचं मन दुखवायचं नाही म्हणून सरकारनं हुकूम काढला म्हणे, की चर्चची डागडुजी सरकारी खात्यानं करावी, पण कोंबड्याला हात लावू नये. खरं किती, खोटं किती, कोण जाणे. पण कंपनी सरकारची कारभाराची रीत पाहता मला ती पटते. ब्राइस गृहस्थच तसा होता. पुढे १८२३ मध्ये त्याला सरकारी स्टेशनरी खात्यात कारकुनीची जादा नेमणूक मिळाली, ‘कलकत्ता जर्नल’च्या जेम्स सिल्क बकिंगहॅमनं त्यावर टर उडवली, आणि हद्दपार झाला तो बकिंगहॅम. हिंदुस्थानातल्या वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या इतिहासात या पाळकाचं नाव येतं ते असं वाकड्या वाटेनं.

मनोऱ्याच्या भांडणाला एक गंभीर बाजूही होती, आणि ती फारशी सांगितली जात नाही. चर्च ऑफ स्कॉटलंडच्या पाळकानं हिंदुस्थानात लावलेलं लग्न कायदेशीर की नाही, याचीही शंका होती. इंग्लिश कायद्यापुढे ते लग्न टिकलं नसतं तर मुलांचं औरसपण आणि वारसाहक्क सगळंच हवेत. १८१८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटला या शंका दूर करण्यासाठी खास कायदा करावा लागला. म्हणजे कोलकात्याचं चर्च उघडलं त्याच वर्षी स्कॉटिश पाळकानं लावलेल्या लग्नाला कायद्याचा आधार मिळाला. हे लक्षात घेतलं की मनोरा हा निव्वळ मानापमानाचा प्रश्न राहत नाही. ज्याच्या चर्चला मनोरा, त्याची लग्नं खरी, त्याचे दफनविधी खरे, असा तो सलग धागा होता. कोलकात्यात १८२० मध्ये स्कॉटिश लोकांचं वेगळं कबरस्तानही झालं. तागाच्या धंद्यात आलेली डंडीची माणसं पुढे तिथं मोठ्या संख्येनं पुरली गेली.

हक्क मिळाला, पण मनोऱ्याचं रूप कुठून आलं? इथं नक्कल म्हणणारे बरोबर आहेत. मूळ आहे लंडनचं सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स, १७२२ ते १७२६ मध्ये बांधलेलं. त्याच्या वास्तुकारानं, जेम्स गिब्जनं, पूर्वी कोणी फारशी न केलेली गोष्ट केली : ग्रीक देवळासारखा खांबांचा दर्शनी मंडप आणि त्याच्या मागून छपरातून वर आलेला मनोरा. जाणकारांनी नाकं मुरडली. देवळाच्या छपरातून मनोरा उगवतोच कसा, असा त्यांचा सवाल. पण १७२८ मध्ये गिब्जनं आपले आराखडे पुस्तकरूपानं छापले आणि अमेरिकेपासून बंगालपर्यंत जिथं जिथं इंग्रज होता तिथं तिथं हे रूप गेलं. आराखडा हाताशी असला की वास्तुकाराची गरज उरत नाही. तोफखान्यातला हिशेबी माणूसही चर्च बांधू शकतो. कोलकात्यात इंग्लंडच्या चर्चनं बांधलेलं सेंट जॉन्सही याच घराण्यातलं.

पण गिब्ज होता कोण? अ‍ॅबर्डीनचा. स्कॉटिश. आणि जन्मानं कॅथलिक, तरुणपणी पाद्री होण्यासाठी रोमला गेलेला आणि मग ते सोडून वास्तुकलेकडे वळलेला. कॅथलिक घरातल्या स्कॉटिश माणसानं इंग्लंडच्या चर्चसाठी जे रूप घडवलं, ते शंभर वर्षांनी प्रेस्बिटेरियन लोकांनी हिंदुस्थानात इंग्लंडच्या चर्चशी बरोबरी सांगायला वापरलं. म्हणूनच मी ‘नक्कल’ या निकालावर थांबायला तयार नाही. प्रतिपक्षासारखंच दिसायचं हाच तर इथं मुद्दा होता. वेगळं, साधं, स्कॉटिश वळणाचं चर्च बांधलं असतं तर मिडल्टनचं म्हणणं आपसूक खरं ठरलं असतं. साम्राज्याचं वैभव देशी प्रजेला दाखवण्यासाठी हे खांब उभारले, असंही काही अभ्यासक म्हणतात. तेही होतं. पण रायटर्स बिल्डिंगमधल्या इंग्रजाला जे दाखवायचं होतं, ते मला अधिक महत्त्वाचं वाटतं.

मुंबईच्या चर्चबद्दल थोडक्यात. इथले पहिले स्कॉटिश चॅपलेन जेम्स क्लो. किल्ल्याच्या आत, गोदीच्या जवळ जागा मिळाली. १८१९ च्या नोव्हेंबरात एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर झाला, त्याच्यानंतर माल्कम; म्हणजे सलग अकरा वर्षं गव्हर्नरच स्कॉटिश. १८२६ मध्ये मनोऱ्यावर वीज पडली. तो पुन्हा बांधून घेतला जॉन कॅल्डेकॉटनं. हा पुढे त्रावणकोरच्या महाराजांचा ज्योतिर्विद झाला आणि तिथली वेधशाळा त्याच्या हाताखाली उभी राहिली. बाकी वास्तू म्हणून या चर्चनं कोणाला फार लिहायला लावलेलं नाही. कोलकात्याच्या आणि चेन्नईच्या मानानं ते आखूड वाटतं.

चेन्नईचं चर्च मात्र वेगळ्याच तोलाचं. तिघांत सर्वांत धाकटं आणि निःसंशय सर्वांत बुद्धिमान.

त्याचा कर्ता मेजर टॉमस फिऑट द हॅव्हिलंड. ग्वेर्न्सी बेटावरचा, मद्रास इंजिनिअर्समधला. या माणसाला कमानींचा नाद होता. १८०८ मध्ये त्यानं श्रीरंगपट्टणात निव्वळ विटांची शंभर फुटांहून मोठ्या गाळ्याची कमान उभी केली. कशासाठी, तर कावेरीवर असा पूल होऊ शकतो हे शंकेखोरांना दाखवण्यासाठी. पूल झाला नाही, पण कमान सव्वाशे वर्षांहून अधिक टिकली. १९३७ मध्ये पडली. मद्रासमधलं इंग्लंडच्या चर्चचं सेंट जॉर्जेस कथीड्रलही त्यानंच बांधून पुरं केलं होतं, आणि त्याचं अर्पण खुद्द बिशप मिडल्टननी १८१६ च्या जानेवारीत केलं होतं. दोनच वर्षांनी, ६ एप्रिल १८१८ ला, एग्मोरमध्ये स्कॉटिश चर्चचा पाया घातला गेला. बिशपसाठी मनोरा बांधणारा आणि बिशपविरोधकांसाठी मनोरा बांधणारा हात एकच.

जमीन वाईट होती. कूम नदी जवळ, खाली चिकणमाती. युरोपियन पद्धतीनं चर खणून पाया भरला असता तर एवढा मनोरा खचला असता. द हॅव्हिलंडनं दक्षिणेतली जुनी देशी रीत उचलली. भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून विहिरी उतरवायच्या. आतली माती उपसत जायची, तशी कडी आपल्या वजनानं खाली बसत जातात. पक्की जमीन लागली की आत बांधकाम भरून घ्यायचं आणि वर पाया टेकवायचा. अशा दीडशेच्या आसपास विहिरींवर हे चर्च उभं आहे. काही उथळ, काही ५० फुटांच्या आसपास खोल. स्कॉटिश अभिमानाचा मनोरा तमिळ कुंभाराच्या कड्यांवर तोललेला आहे, आणि हे मला त्या मनोऱ्यापेक्षा जास्त लक्षणीय वाटतं. नावं मात्र इंजिनिअरांचीच नोंदली गेली.

वरचा भागही तितकाच विचारपूर्वक केलेला. मद्रासमध्ये लाकडी छप्पर म्हणजे वाळवीला मेजवानी. म्हणून छत विटांचंच, घुमटाचं. चर्चचा मुख्य भाग गोल आहे, व्यास साडेएक्याऐंशी फूट. आत गोलाकारात १६ खांब, कॉरिंथियन शिरांचे, आणि त्यांच्यावर उथळ घुमट, साडेएक्कावन्न फूट व्यासाचा. घुमटाच्या भोवतीचं कडं, खांब ते बाहेरची भिंत एवढ्या पट्ट्यावरचं, घुमटाचा दाब बाहेरच्या बाजूनं तोलून धरतं. श्रीरंगपट्टणच्या कमानीत त्यानं जे अजमावलं होतं, त्याची ही फलश्रुती म्हणायला हरकत नाही. आज घुमट आतून गडद निळा आणि त्यावर सोनेरी तारे. जॉन नॉक्स आत आला असता तर त्यानं भुवई नक्कीच उंचावली असती. खांबांवर मद्रासचा प्रसिद्ध चुना. शिंपले भाजून केलेला हा चुना दही, गूळ, अंड्याचा पांढरा बलक असलं काहीबाही घालून मळत आणि गारगोटीनं घोटत. नीट घोटलेला हात संगमरवरापेक्षा कमी वाटत नाही. खाली काळ्यापांढऱ्या संगमरवराची फरशी. मनोरा एकशे साडेसहासष्ट फूट. २५ फेब्रुवारी १८२१ ला पहिली उपासना झाली, तेव्हा मद्रासचा गव्हर्नर होता टॉमस मन्रो, ग्लासगोचा.

गोल आकाराची गोष्ट इथं सांगायला हवी. सेंट मार्टिनसाठी गिब्जचे पहिले आराखडे आपण पाहतो त्या लांबट चर्चचे नव्हते. ते गोल होते. खर्च फार होईल म्हणून ते नाकारले गेले. पण गिब्जनं आपल्या पुस्तकात ते छापले. समोर खांबांचा मंडप, त्यावर मनोरा आणि मागे गोल सभागृह. एग्मोरचं चर्च पाहिलं आणि मग ते नाकारलेले आराखडे पाहिले, तर नातं लपत नाही. लंडनला जे परवडलं नाही ते मद्रासमध्ये बांधलं गेलं. आणि गोल आकार प्रेस्बिटेरियन लोकांच्या पथ्यावरच पडणारा, कारण गोल सभेत कोणीच पाळकापासून फार दूर नसतो. इंग्लंडच्या चर्चला हा आकार अडचणीचा, त्यात वेदीकडे जाणारी लांब वाट मिळत नाही. म्हणजे बाहेरून प्रतिपक्षासारखं आणि आतून पूर्णपणे आपलं, हे जॉर्ज स्ट्रीटवरचं जुनं सूत्र मद्रासनं सर्वांत नेमकेपणानं साधलं. दर्शनी मंडपाच्या माथ्यावर मात्र कंपनीचे सिंह आणि कंपनीचं लॅटिन ब्रीद कोरलेलं आहे. त्यात उल्लेख आहे तो इंग्लंडच्या राजाचा आणि पार्लमेंटचा. स्कॉटलंडचं नाव नाही. ज्या समतेसाठी एवढं भांडण केलं, तिच्या उंबरठ्यावर ही ओळ कशी चालवून घेतली, याचं मला नवल वाटतं. पैसा कंपनीचा होता, हेच त्याचं उत्तर असावं.

यानंतरची हकिकत वेगळ्या वळणाची आहे. ही तीन चर्चं गोऱ्यांसाठी होती. सैनिक, व्यापारी, अधिकारी. देशी लोकांत काम करणारे स्कॉटिश मिशनरी आले ते वेगळ्या वाटेनं, आणि महाराष्ट्राचा खरा संबंध त्यांच्याशी. स्कॉटिश मिशनरी सोसायटीनं १८२३ मध्ये सुरुवात केली ती मुंबईत नव्हे, कोकणात बाणकोटला. मग हर्णै. १८२९ मध्ये आलेल्या डॉ. जॉन विल्सननं हर्णैला मराठीचे धडे घेतले आणि मुंबईत येऊन मंडळी स्थापन केली, शाळा काढल्या, हिंदू शास्त्री आणि पारशी मोबेदांशी जाहीर वाद घातले. गिरगावातलं आंब्रोली ही त्याच्या कामाची जागा, आणि तिथल्या चर्चचं नाव आजही तेच आहे.

१८ मे १८४३ ला जॉर्ज स्ट्रीटवरच्या त्या अंडाकृती चर्चमध्ये जनरल असेंब्ली भरली होती. पाळक नेमण्याचा हक्क जमीनदाराचा की मंडळीचा, या प्रश्नावर शेकडो पाळक उठून बाहेर पडले आणि फ्री चर्च स्थापन झालं. घर, पगार, चर्चची इमारत, सगळ्यावर त्यांनी पाणी सोडलं. हिंदुस्थानातले स्कॉटिश मिशनरी झाडून सगळे फ्री चर्चकडे गेले. विल्सनला मुंबईत शाळेसाठी बांधत आणलेली इमारत सोडावी लागली. मनोऱ्याच्या भांडणानंतर पंचवीस वर्षांत त्याच पंथातल्या माणसांनी इमारतींवरून असे हात झटकले. मुंबईत फ्री चर्चची वेगळी मंडळी झाली. तिचं सेंट कोलंबा आणि जुनं सेंट अँड्र्यूज पुढे एक झाले आणि लायन गेटसमोरच्या चर्चला जोडनाव मिळालं.

१८४३ हेच वर्ष स्कॉटिश मिशनमधून ख्रिस्ती झालेल्या नारायण शेषाद्रींच्या बाप्तिस्म्याचं. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याच्यावरून कोर्टकचेरी झाली, आणि बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घेण्यासाठी पुणे-मुंबईच्या सनातन्यांशी झुंज दिली. नारायणरावांनी पुढे जालन्याजवळ बेथेल ही वसाहत वसवली. ‘यमुनापर्यटन’कार बाबा पदमनजी हेही काही काळ पुण्यात फ्री चर्चचे पाळक होते. नागपुरात स्टीफन हिस्लॉप, जो खडक आणि जीवाश्म गोळा करता करता भूगर्भशास्त्रातही नाव ठेवून गेला. कोल्हापुरात मात्र प्रेस्बिटेरियन पंथ स्कॉटलंडहून नव्हे, अमेरिकेहून आला. रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये तिथं पोचला आणि १८७० मध्ये त्याचं काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेलं. त्याच मिशनचं पुढचं फळ म्हणजे डॉ. वानलेस यांचं मिरजेचं हॉस्पिटल.

या मराठी मंडळ्यांच्या चर्चवर वास्तुकलेच्या पुस्तकांत जवळपास काहीच नाही, आणि ही या विषयाची मोठी उणीव आहे. लिहिलं जातं ते मनोऱ्यांवर. पण लोकांनी पाळकाभोवती कसं बसायचं, बायका कुठं, पुरुष कुठं, बाक की सतरंजी, टाळ-मृदंगाच्या साथीनं गायचं की नाही, हे प्रश्न सोडवले ते याच साध्या इमारतींनी. स्तोत्रसंहितेपलीकडे काही न गाणाऱ्या पंथाचे मराठी अनुयायी अभंग-ओव्यांच्या चालीवर उपासना करू लागले, त्या खोल्यांची मोजमापं कोणीतरी घ्यायला हवीत. ईशान्येकडे हे काम थोडं सोपं आहे. खासी टेकड्यांत १८४१ पासून वेल्सच्या मिशननं रुजवलेला हा पंथ आज मेघालयात आणि मिझोराममध्ये सर्वांत मोठ्या पंथांपैकी एक आहे. प्रेस्बिटेरियन म्हटल्यावर भारतात खरं तर आधी तेच आठवायला हवेत.

आता तिन्ही सेंट अँड्र्यूजची आजची अवस्था. दक्षिणेत १९४७ च्या सप्टेंबरात चर्च ऑफ साउथ इंडिया झालं. एग्मोरचं चर्च पुढे त्यात गेलं. उत्तरेत १९७० च्या नोव्हेंबरात नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि कोलकाता, मुंबई त्यात आली. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि इतर पंथांनी एकत्र येताना देवघेव केली : वडिलांच्या सभा राहिल्या आणि बिशपही राहिले. त्यामुळे ब्राइसचं चर्च आज कोलकात्याच्या बिशपच्या अखत्यारीत आहे, म्हणजे मिडल्टनच्याच गादीच्या. एग्मोरमध्ये १८८३ मध्ये यॉर्कशरहून आलेला पाइप ऑर्गन आहे, रंगीत काचा आहेत, पूर्वेला प्रभुभोजनाचं मेज वेदीसारखं मांडलेलं आहे. लांब मेजांभोवतीची पंगत केव्हाच गेली. या बदलांवर नाराज होणारे जुने स्कॉटिश असतीलही, पण गोल सभा अजून तशीच आहे, आणि पाळक बोलायला उभा राहिला की अजूनही कोणीच त्याच्यापासून फार दूर नसतो.